ब्लॉग डावा की उजवा, हे ठरवलं कोणी? २००४च्या एका यादीचा प्रकरण अभ्यास

राजकीय ब्लॉगांच्या डिरेक्टऱ्यांवर पक्षपाताचा आरोप झाला की चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडते: यादी करणारा कोणाच्या बाजूचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या नादात जास्त महत्त्वाचे प्रश्न मागे पडतात. मुळात कप्पे किती होते? एखादा ब्लॉग अमुक कप्प्यात का गेला, याची नोंद कुठे राहिली का? हे समजून घ्यायला २००४च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळचं एक प्रकरण फार उपयोगी पडतं. त्यातली यादी आजही मिळते आणि तिची एकेक ओळ तपासून पाहता येते.

त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी समोरासमोर होते. राजकीय ब्लॉग लोक नुकतेच गांभीर्याने घेऊ लागले होते. बोस्टनला भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात ब्लॉगरांना पत्रकारांसारखी प्रवेशपत्रं मिळाली. सप्टेंबरात सीबीएस वाहिनीने बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलची काही कागदपत्रं दाखवली. ती जुन्या टाइपरायटरवरची नसून आजच्या संगणकावर टाइप केलेली दिसतात, हा आक्षेप ब्लॉगांनी लावून धरला आणि वाहिनीला माघार घ्यावी लागली. तेव्हापासून कोणता ब्लॉग कोणत्या बाजूचा हे वाचकांनाही हवं होतं, पत्रकारांनाही आणि संशोधकांनाही. ही गरज डिरेक्टऱ्या भागवत होत्या.

डिरेक्टरी म्हणजे विषयवार लावलेली यादी. १९९४ साली जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेली याहूची यादी त्यातली सर्वांत गाजलेली. १९९८ साली ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट आला. त्याला लोक डीमॉझ म्हणत. त्याने हे काम स्वयंसेवक संपादकांवर सोपवलं. संपादकाने साइट पाहायची, योग्य कप्पा निवडायचा आणि एक-दोन ओळींत तटस्थ वर्णन लिहायचं, अशी पद्धत. गूगलने आपली डिरेक्टरी याच माहितीवर उभी केली होती आणि डीमॉझमधलं वर्णन सर्चच्या निकालातही दिसू शकायचं. आपली ओळख दुसऱ्या कोणी लिहावी हे पुष्कळ साइटमालकांना मान्य नव्हतं. शेवटी ‘नोओडीपी’ नावाचा टॅग निघाला. तो पानात टाकला की सर्च इंजिनाने डीमॉझचं वर्णन उचलायचं नाही. वर्गवारीवरची नाराजी तांत्रिक नियमात उतरल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ब्लॉग वाढले तशा निव्वळ ब्लॉगांच्या डिरेक्टऱ्या आल्या: ब्लॉगकॅटलॉग, ब्लॉगरामा, राजकीय ब्लॉगांना वाहिलेली ई-टॉकिंगहेड. त्यांच्या राजकीय विभागांत दोन कप्पे मोठे होते, लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणारे), अपक्ष, मध्यममार्गी हेही होते, पण त्यांत ब्लॉग थोडे. पुढे मी मोठ्या दोन कप्प्यांना डावे आणि उजवे म्हणेन, म्हणजे वाचायला सोपं जाईल.

प्रकरण

लाडा अ‍ॅडामिक तेव्हा एचपी कंपनीच्या एचपी लॅब्जमध्ये संशोधक होत्या आणि नॅटली ग्लान्स इंटेलिसीक या कंपनीत. डावे आणि उजवे ब्लॉग एकमेकांना किती लिंक देतात, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी आधी कोण कुठल्या बाजूचा ते माहीत हवं. हजारो पानं वाचून ते ठरवण्याऐवजी त्यांनी डिरेक्टऱ्यांची वर्गवारी घेतली: ई-टॉकिंगहेड, ब्लॉगकॅटलॉग, कॅम्पेनलाइन आणि ब्लॉगरामा. काही ठिकाणी ब्लॉगरने स्वतःच आपली बाजू सांगितली होती, काही ठिकाणी ती यंत्राने लावली होती. मधल्या कप्प्यांतले ब्लॉग संख्येने थोडे असल्यामुळे वगळले. हाती आले ७५९ डावे आणि ७३५ उजवे ब्लॉग.

२००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि गाजला. एका दिवशी टिपलेल्या पानांवरच्या लिंकांपैकी ९१ टक्के आपापल्या बाजूच्या आतच राहत होत्या. उजवे ब्लॉग आपसात जास्त घट्ट जोडलेले होते आणि दुसऱ्यांना लिंकाही जास्त देत होते. लेखाबरोबरचं चित्र आज डेटा शिकवणाऱ्या कितीतरी ठिकाणी दाखवलं जातं: डाव्यांच्या निळ्या ठिपक्यांचा एक पुंजका, उजव्यांच्या लाल ठिपक्यांचा दुसरा, मध्ये विरळ धागे.

७५९ आणि ७३५ हे आकडे पाहिले की यादी निःपक्षपाती आहे असंच वाटतं. दोन्हीकडे सारखेच ब्लॉग, मग तक्रार कसली? संख्या सारखी असल्याने एवढंच कळतं की कोणत्याही बाजूला दारातच अडवलेलं नाही, आणि तेसुद्धा पुरतं कळत नाही, कारण त्या वेळी बाहेर एकूण किती डावे-उजवे ब्लॉग होते हे यादीवरून समजत नाही. योग्य ब्लॉग योग्य कप्प्यात गेले का, याबद्दल तर ती संख्या काहीच बोलत नाही. डिरेक्टऱ्या आरोप झाल्यावर हटकून अशीच बेरीज पुढे करतात. तिच्यावर समाधान मानू नये.

एक ओळ जवळून

ही यादी संशोधकांमध्ये ‘पोलब्लॉग्ज’ या नावाने फिरते. साध्या मजकुराची फाइल आहे. तिच्यात प्रत्येक ब्लॉगची नोंद चार गोष्टींची: क्रमांक, ब्लॉगचा पत्ता, एक आकडा, आणि तो आकडा कुठून आला ते. आकडा शून्य असेल तर डावा, एक असेल तर उजवा. बस. अर्धा म्हणता येत नाही, रिकामी जागा सोडता येत नाही.

शेवटचा रकाना मात्र मोलाचा आहे. त्यात कुणापुढे ब्लॉगरामा लिहिलेलं दिसतं, कुणापुढे ई-टॉकिंगहेड, कुणापुढे दोन-दोन नावं. काहींपुढे ‘लेफ्टी डिरेक्टरी’ आहे. नावातच सगळं आलं: डाव्या ब्लॉगांनी एकमेकांना सापडावं म्हणून केलेली यादी. तिथे नाव असणं म्हणजे त्या ब्लॉगने बाजू मान्य केली असं धरायला हरकत नाही. पण ब्लॉगरामासारख्या सर्वसाधारण डिरेक्टरीने दिलेल्या शून्याचं वजन आणि या शून्याचं वजन एक नाही. आणखी काही नोंदींपुढे ‘हाताने लावलेलं’ असं लिहिलेलं आहे. ब्लॉगवर येणाऱ्या-जाणाऱ्या लिंका आणि निवडणुकीच्या सुमाराच्या नोंदी पाहून संशोधकांनी स्वतः दिलेली ती बाजू.

म्हणजे एकाच शून्याचे निदान तीन अर्थ झाले. ‘मी डावा आहे’ असं ब्लॉगर म्हणाला. ‘हा डावा दिसतो’ असं डिरेक्टरीने ठरवलं. ‘याच्या लिंका डावीकडे जातात’ असं वाचणाऱ्याला आढळलं. तिन्ही दावे वेगळे, तपासायची रीत वेगळी आणि चुकायची कारणंही वेगळी. अ‍ॅडामिक आणि ग्लान्स यांनी स्रोताचा रकाना ठेवला म्हणून आपल्याला आज हा फरक दिसतो तरी. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत, कारण पुढे ज्यांनी फाइल वापरली त्यांतल्या बहुतेकांना शून्य आणि एक एवढंच लागत होतं.

ज्यांना दोन कप्पे पुरले नाहीत

या दोघींच्या २००५च्या लेखात दोन्ही बाजूंचे प्रमुख २० ब्लॉग नावानिशी दिले आहेत. ती चाळीस नावं सावकाश वाचावीत. बरीचशी निर्विवाद आहेत. डेली कोस डावीकडे, मिशेल माल्किन उजवीकडे, याला कुणाचीच हरकत नसेल. जॉन केरींच्या प्रचारमोहिमेचा अधिकृत ब्लॉग डावीकडे, ‘ब्लॉग्ज फॉर बुश’ उजवीकडे. पण त्याच डाव्या वीसांत क्रुकेड टिंबर हा प्राध्यापक मंडळींचा ब्लॉगही आहे. तिथे तत्त्वज्ञान असतं, समाजशास्त्र असतं आणि राजकारणही. उमेदवाराचं प्रचारयंत्र आणि अभ्यासकांचा सामूहिक ब्लॉग यांना एकच शून्य मिळतं. उजवीकडे त्याला जोड म्हणून व्होलॉख कॉन्स्पिरसी हा कायद्याच्या प्राध्यापकांचा ब्लॉग. त्याचा कल लिबर्टेरियन आणि लिहिणारे अनेक. इथे वागणूक तरी दोन्हीकडे सारखी झाली. एकाला ‘कायदा’ आणि दुसऱ्याला ‘डावे राजकारण’ असं केलं असतं, तर आरोपाला भक्कम आधार मिळाला असता.

अँड्र्यू सलिव्हन यांचं नाव उजव्या वीसांत आहे. ते स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवत आले, इराक युद्धाला त्यांनी सुरुवातीला जोरदार पाठिंबा दिला. शिक्का त्या अर्थी बरोबर. पण याच सलिव्हन यांनी समलिंगी विवाहाच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लेखणी चालवली होती. २००४ साली बुश यांनी त्या विवाहांविरुद्ध घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला. युद्धाच्या हाताळणीबद्दलही सलिव्हन नाराज होत गेले आणि ऑक्टोबरात त्यांनी उघडपणे केरींना पाठिंबा जाहीर केला. ज्या निवडणुकीतली फूट मोजायची होती, त्याच निवडणुकीत ‘उजवा’ ठरलेला एक ठळक ब्लॉगर डेमोक्रॅट उमेदवाराच्या मागे उभा होता. यात वर्गवारी करणाऱ्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. विचारांची परंपरा आणि मताचा पक्ष या दोन गोष्टी आहेत आणि फाइलमध्ये जागा एकीलाच होती.

इन्स्टापंडिट चालवणारे ग्लेन रेनल्ड्स यांचंही असंच. युद्धाचे खंदे समर्थक म्हणून ते उजवीकडे, पण समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध नव्हता आणि कल लिबर्टेरियन. डिरेक्टऱ्यांत लिबर्टेरियन कप्पा होता. अभ्यासात तो कप्पा गेल्यावर अशा माणसांनी जायचं कुठे? २००४ साली युद्ध हा प्रश्न बाकी सगळ्यांवर मात करत होता, म्हणून ते युद्धाच्या बाजूने मोजले गेले. दुसऱ्या एखाद्या वर्षी करांच्या किंवा सरकारी पाळतीच्या प्रश्नावर रेघ ओढली असती तर माणसं वेगळी वाटली गेली असती.

टिम ब्लेअर हेही त्या वीसांत आहेत, आणि ते ऑस्ट्रेलियन पत्रकार. त्यांच्या देशात त्याच ऑक्टोबरात स्वतःची निवडणूक झाली होती. अमेरिकी ब्लॉगांशी त्यांचा संवाद दाट होता म्हणून लिंकांच्या अभ्यासात ते येणं समजण्यासारखं आहे, पण परदेशी लेखकाच्या राजकारणाला अमेरिकी पक्षरेषेवर बसवताना निदान तशी खूण हवी होती.

सर्वांत बोलकी जोडी मला पोलिटिकल वायर आणि रिअलक्लिअरपॉलिटिक्स यांची वाटते. दोन्ही ठिकाणी मुख्य काम संकलनाचं: राजकीय बातम्या, मतचाचण्या, इतरांच्या लेखांकडे बोट दाखवणं. रिअलक्लिअरपॉलिटिक्स मतचाचण्यांची सरासरी काढून देई आणि दोन्ही बाजूंचे लेख एका पानावर ठेवी. यादीत पोलिटिकल वायर डावीकडे आहे, रिअलक्लिअरपॉलिटिक्स उजवीकडे. चालवणाऱ्यांचा स्वतःचा कल असेलही, आणि निवडीतून कल दिसतो हेही खरं. पण मत मांडणं आणि इतरांची मतं गोळा करणं ही कामं वेगळी आहेत. हा फरक नोंदवला नाही की वाचकाला वाटतं, त्या पानावर त्याला एकच बाजू वाचायला मिळणार.

पक्षपात दिसतो तो कसा

आता ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांच्या बाजूने पाहू. १९८५ साली स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्राएलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. चित्रफिती त्याच. दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. तटस्थ माणूस हे पाहून आपल्या विरोधात जाईल, अशी भीती दोघांनाही वाटली. विषयाची ज्यांना जास्त माहिती होती, त्यांना पक्षपातही जास्त जाणवला. म्हणजे तक्रार करणारा अडाणी किंवा कांगावखोर असतो असं नाही. पुष्कळदा तो विषयात बुडालेला असतो आणि म्हणूनच काय गाळलं गेलं ते त्याला लगेच दिसतं.

डिरेक्टरीत याला आणखी एक गोष्ट जोडली जाते. ब्लॉगरला स्वतःच्या लिखाणातली प्रत्येक अट आणि प्रत्येक अपवाद ठाऊक असतो: आपण आपल्याच नेत्यावर कधी टीका केली, कुठे भूमिका बदलली. समोरच्याचा ब्लॉग तो चार-दोन नोंदींवरून ओळखतो. साहजिकच आपल्याला कोंबलंय आणि त्याला बरोबर बसवलंय, असं त्याला वाटतं. आणि तसंच समोरच्यालाही वाटत असतं. दोन्हीकडून सारखीच ओरड येते म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असा निष्कर्ष संपादक फार लवकर काढतात. तो चुकीचा आहे. दोन्हीकडच्या तक्रारी खऱ्या असू शकतात, कारण तक्रार मुळात कप्पेच अपुरे असल्याची असू शकते.

मग खरा, एका दिशेचा पक्षपात ओळखायचा कसा? माझ्या मते पाहायची ठिकाणं थोडी आहेत आणि ती डावे-उजवे मोजण्यापेक्षा वेगळी आहेत. ‘बातम्या’, ‘कायदा’, ‘अर्थकारण’ अशा बिनरंगी कप्प्यांत कोणाला बसवलं जातं? एका बाजूचे मतप्रधान ब्लॉग तिथे सहज जात असतील आणि दुसऱ्या बाजूचे राजकारणातच अडकत असतील, तर ते गंभीर आहे, कारण बिनरंगी कप्पा ही मोठी प्रतिष्ठा असते. वर्णनातली विशेषणं पाहावीत: एकाची ‘टीका’ आणि दुसऱ्याचा ‘हल्ला’ असं लिहिलंय का? अर्ज किती दिवस पडून राहतो ते पाहावं. स्वयंसेवकांच्या डिरेक्टरीत अर्ज महिनोन्‌महिने तुंबणं नेहमीचं होतं आणि वाट पाहणाऱ्याला त्यातही डाव दिसायचा. तो खरा की भास, ते दोन्हीकडचे अर्ज शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. शेवटी, ब्लॉगचं नाव झाकून तेच लेख दोन्ही मतांच्या संपादकांना स्वतंत्रपणे द्यावेत. कुठे मतभेद होतात आणि ते कोणत्या दिशेने झुकतात, हे त्यातून समोर येतं. २०१२ साली सुरू झालेली ऑलसाइड्स ही अमेरिकी संस्था बातमीमाध्यमांना पाच पायऱ्यांवर बसवताना नाव झाकून घेतलेली वाचकांची मतं वापरते. पद्धत परिपूर्ण नाही, पण निर्णय कसा झाला ते सांगता येतं. मला सर्वांत जास्त महत्त्व त्याचं वाटतं.

शिक्का उत्तरपत्रिका होतो तेव्हा

या प्रकरणाचा जो भाग मला खरोखर अस्वस्थ करतो, तो यानंतरचा आहे. लिंकांसारख्या दुव्यांनी जोडलेल्या जाळ्यातले (नेटवर्कमधले) गट आपोआप ओळखणाऱ्या गणिती पद्धतींना तपासण्यासाठी संशोधकांना अशी जाळी हवी असतात ज्यांतले गट आधीच माहीत आहेत. पोलब्लॉग्ज फाइल त्यासाठी आयती मिळाली. २०११ साली ब्रायन कारर आणि मार्क न्यूमन यांनी तिच्यातल्या १२२२ जोडलेल्या ब्लॉगांवर दोन गणिती प्रारूपं (मॉडेल) चालवून दाखवली. साध्या प्रारूपाने ब्लॉग वेगळे केले ते पुष्कळ लिंका असलेले आणि थोड्या लिंका असलेले असे. लिंकसंख्येतला फरक हिशेबात घेणाऱ्या सुधारित प्रारूपाने मात्र डावे-उजवे जवळजवळ बरोबर ओळखले. काम उत्तम आहे आणि त्याचा पुढे खूप उपयोग झाला.

पण ‘बरोबर’ म्हणजे कशाशी जुळणारं? डिरेक्टऱ्यांनी लावलेल्या शिक्क्यांशी. कुणी घाईत भरलेला अर्ज, कुठे यंत्राने शब्द पाहून केलेली निवड, कुठे हाताने दिलेली बाजू, हे सगळं मिळून उत्तरपत्रिका झालं. हाताने दिलेल्या बाजूंत आणखी एक गुंता आहे. बाजू ठरवताना लिंका पाहिल्या असतील, तर त्या बाजूवरून लिंकांबद्दल काढलेला निष्कर्ष थोडा तरी आपल्याच पायावर उभा राहतो. म्हणून ९१ टक्क्यांचा निष्कर्ष कोसळतो असं मुळीच नाही. इतकी मोठी दरी एवढ्याने भरत नाही. पण पद्धत आणि शिक्का जुळले नाहीत तिथे चूक पद्धतीचीच, असं धरणं योग्य नाही. समजा, सलिव्हन यांना एखाद्या पद्धतीने डावीकडे नेलं, तर तिचा गुण कापायचा का? २०१७ साली लेटो पील, डॅनियल लॅरेमोर आणि एरन क्लॉसेट यांनी हाच मुद्दा सर्वसाधारण स्वरूपात मांडला: जाळ्याबरोबर आलेली माहिती म्हणजे जाळ्यातलं अंतिम सत्य नव्हे. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. एखाद्या ब्लॉगरने शिक्का खोडण्यासाठी डिरेक्टरीला पत्र लिहिलं असेल, तेव्हा तो शिक्का पुढे गणिताच्या परीक्षेतलं उत्तर होईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

उजव्या वीसांतलंच लिटल ग्रीन फुटबॉल्स घ्या. सीबीएसच्या कागदपत्रांचा प्रकार उघडकीला आणण्यात तो ब्लॉग आघाडीवर होता आणि २००४ साली त्याची जागा यादीत नेमकी बरोबर आहे. नोव्हेंबर २००९मध्ये तो चालवणारे चार्ल्स जॉन्सन यांनी आपण उजव्या गोटातून का बाहेर पडलो, हे जाहीरपणे लिहिलं. फाइलमध्ये त्या पत्त्यापुढे ‘एक’ आहे आणि राहणार. त्यात फाइलची चूक नाही; आकड्याशेजारी वर्ष लिहिलेलं नाही, ही उणीव आहे. जुनी फाइल उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो ब्लॉग आजही उजवाच वाटेल. डिरेक्टऱ्यांत हे सर्रास व्हायचं. डीमॉझकडे बंद पडलेल्या लिंका शोधणारा रोबोझिला होता, पण लिंक चालू आहे आणि भूमिका बदलली आहे, हे कोणत्याही रोबोला कळत नव्हतं.

काय करता आलं असतं

लेखकाच्या मनातलं ओळखायला न जाता फक्त भाषा मोजायची, हा एक मार्ग आहे. २०१० साली मॅथ्यू गेन्ट्झकाउ आणि जेसी शपिरो यांनी अमेरिकी वृत्तपत्रांचा कल तसा मोजला. वारसाहक्काच्या संपत्तीवरच्या कराला रिपब्लिकन सदस्य ‘डेथ टॅक्स’ म्हणतात, डेमोक्रॅट ‘इस्टेट टॅक्स’ म्हणतात. असे शब्दप्रयोग संसदेच्या कामकाजातून गोळा करायचे आणि वृत्तपत्र त्यांतले कोणते किती वापरतं ते पाहायचं. यातून शून्य किंवा एक न येता मधली जागाही मिळते. ब्लॉगांना मात्र ही पद्धत जपून लावावी लागेल. ब्लॉगर विरोधकाचे शब्द खोडून काढण्यासाठी सतत उद्धृत करत असतो, आणि मोजणाऱ्या यंत्राला उद्धृत काय आणि स्वतःचं काय, हे सहज कळत नाही.

त्यापेक्षा रकाने वाढवणं सोपं आणि प्रामाणिक आहे. ब्लॉगर स्वतःला काय म्हणवतो ते एका जागी, संपादकाला काय वाटलं ते दुसऱ्या जागी, कारणाच्या एका ओळीसह. दोन्ही वेगळे निघाले तर वेगळेच ठेवावेत. ‘अपक्ष’ म्हणवून सतत एकाच पक्षाची तळी उचलणारा ब्लॉग असतो, आणि ‘उजवा’ म्हणवून दुसऱ्याच उमेदवाराला मत देणाराही असतो. तो फरक हीच वाचकाच्या कामाची माहिती. प्रचार, मतलेखन, संकलन, अभ्यास यांतलं मुख्य काम कोणतं ते तिसऱ्या जागी, म्हणजे केरींचा प्रचारब्लॉग आणि क्रुकेड टिंबर निदान शेजारी बसणार नाहीत. निर्णय कधी झाला ते वर्ष. आणि ‘ठरवता आलं नाही’ ही नोंद कमीपणाची न मानता मोकळेपणाने वापरायची मुभा. हे अवघड नव्हतं. डीमॉझच्या संपादकांना आपापसात टिपा ठेवायची सोय होतीच. वाचकाला त्या दिसत नव्हत्या, आणि संशय बराचसा तिथेच वाढला.

डिरेक्टऱ्या एकेक करून गेल्या. गूगलची २०११मध्ये, याहूची २०१४ अखेर, डीमॉझ मार्च २०१७मध्ये. पोलब्लॉग्ज फाइल वापरात आहे. तिच्यात जे लिबर्टेरियन, अपक्ष आणि मध्यममार्गी ब्लॉग घेतले गेले नाहीत, ते रेघेच्या दोन्ही बाजूंना लिंका देत होते की नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही. ९१ टक्के हा आकडा उरलेल्या दोन कप्प्यांपुरता आहे. डिरेक्टऱ्यांची जुनी पानं इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या वेबपानांच्या संग्रहात जिथे जपली गेली असतील, तिथून त्या मधल्या कप्प्यांची नावं काढता येतील, आणि ब्लॉगांची त्या काळची पानं मिळाली तर लिंकाही मोजता येतील. हे काम चिकाटीचं आहे, पण एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभरात झेपण्यासारखं. ते कुणीतरी हाती घ्यावं.